पऱ्हाटीतला खटला

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे चौथीत असतानाही मला नीट कळलं नव्हतं, आता तर विचारूच नये. पेन धरलं की बोटं अवघडतात. बोंडं वेचून वेचून ती वाकडी झाली आहेत आणि ओळही त्यांच्यासारखीच वाकडी जाते. ही वही मुलीची आहे. मागची पानं कोरी राहिली होती म्हणून मी ठेवून घेतली. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती पडलीच तर चुकांसाठी रागावू नये.

मागच्या आठवड्यात सीतादही झाली. पहिली वेचणी सुरू होण्याआधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, झाडाच्या बुडाशी दहीभाताचा घास ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. या वर्षी मी दहीभात ठेवायला वाकले तेव्हा कापसाचा तो कोमट वास आला. ऊन लागलेल्या कापसाला नव्या गोधडीसारखा वास असतो. पूर्वी हा वास आला की मला नुसतं काम आठवायचं. किती तास, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळी, धरायचे, किती किलो भरेल, बोंडाच्या टोकदार नख्या किती टोचतील. आता हा वास आला की मला एक खटला आठवतो. तो खटला एका कादंबरीतला होता. आम्ही चौघींनी मागच्या वर्षी हिवाळाभर तो याच शेतात ऐकला. आणि तो आठवला की बेबी आठवते. बेबी त्या हिवाळ्यात आमच्यात नव्हती आणि तिच्या नसण्याचं कारण फक्त मला माहीत होतं.

ते आधी लिहून टाकते, नाहीतर नंतर मी टाळीन.

दोन वर्षांपूर्वी बेबी आमच्याच टोळीत वेचायची. टोळी म्हणजे आम्ही पाच बायका. सुमनबाई सगळ्यांत जाणती. ती शेतमालकांशी भाव ठरवते, संध्याकाळी वजनाच्या काट्यापाशी उभी राहते, शनिवारी सगळ्यांच्या मजुरीचा चुकारा घेऊन ज्याचा त्याला वाटते. पुष्पा सगळ्यांत लहान, बारावीपर्यंत शिकलेली, तोंडाची तिखट. यमुनाबाई सगळ्यांत मोठी, तिला आम्ही आजी म्हणतो. मग बेबी आणि मी. त्या दिवशी दुपारी पाण्याचा कॅन ठेवायला सावली नव्हती आणि जमिनीवर मुंग्या होत्या, म्हणून मी तो कापसाच्या एका गठ्ठ्यावर आडवा ठेवला. झाकण घट्ट बसलेलं नव्हतं. गठ्ठा बेबीचा होता. संध्याकाळी दिवाकरभाऊंनी, म्हणजे शेतमालकांनी, वजन करायच्या आधी गठ्ठ्यात हात घातला तो ओला बाहेर आला. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लोक असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. दिवाकरभाऊंनी टोळीचे नऊशे रुपये कापले. सुमनबाईने ते बेबीच्या चुकाऱ्यातून कापले आणि तिला चोर म्हटलं.

बेबी म्हणाली, "मी नाई मारलं पाणी." तीन वेळा म्हणाली. मग म्हणायची थांबली.

मला त्या वेळी खरंच काही माहीत नव्हतं. घरी येताना कॅन हातात घेतला तेव्हा तो रिकामा होता. दुपारी आम्ही त्यातून दोन-दोन घोटसुद्धा प्यायलो नव्हतो. मी वाटेतच थांबले. उद्या सकाळी सांगू असं ठरवलं. सकाळी तिघी समोर उभ्या होत्या, बेबी आली नव्हती, आणि मी सांगितलं नाही, ओटी बांधून वेचायला लागले. दुसऱ्या दिवशीही नाही. काही दिवसांनी ते सांगणं इतकं जड झालं की उचलायचं कुठून तेच कळेना.

मी लहानपणापासून अशीच आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे कान गरम होतात. लग्नात नाव घ्यायला उभं केलं तर मी रडले होते. पाहुणे आले की मी चुलीपाशी जाऊन बसते. लोक म्हणतात, गरीब बाई आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला ते ऐकून बरं वाटायचं. आता वाटत नाही.

कादंबरी मुलीने आणली. ती पिपरी मेघेला भाड्याच्या खोलीत राहते, कापडाच्या दुकानात कामाला जाते. घरमालकिणीने रद्दी काढली त्यात हे जाड पुस्तक होतं. मुलीला माहीत आहे की मला वाचायला काहीही चालतं. किराण्याच्या पुडीचा कागदही मी सोडत नाही. चौथीनंतरची शाळा नाल्याच्या पलीकडे होती म्हणून माझं शिकणं थांबलं, वाचणं थांबलं नाही. मी हळू वाचते, ओळीखाली बोट धरून.

पुस्तकात असं होतं. एका शहरात एक श्रीमंत म्हातारा घरात मेलेला सापडतो. दुधात विष निघतं. त्याची सून सुनंदा हिच्यावर खटला भरतात. एक तरुण वकीलबाई तिची बाजू घेते. शेजारची लीलाबाई कोर्टात शपथ घेऊन सांगते की मी सुनंदाला मागच्या दाराने दुधाचा पेला घेऊन जाताना पाहिलं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोर्टाचं दार उघडतं आणि कुणीतरी आत येतं. कोण आलं ते पुढच्या प्रकरणात.

मी ते डब्याच्या पिशवीत घालून शेतात नेलं, दुपारच्या सुट्टीत दोन पानं वाचू म्हणून. पुष्पाने पाहिलं.

"मावशी, एकट्याच काय वाचून राह्यल्या? आमाले बी ऐकवा."

"तूच वाच न," मी म्हटलं.

तिने एक पान वाचलं. परीक्षेत पाठ म्हणतात तसं भराभर. यमुनाआजी म्हणाली, "अव माय, हे तं एसटीसारखी पळते. एकबी थांबा घेत नाई." सुमनबाईने पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "सिंधू, तू वाच. तुहं हळूहळू बरं हाय."

आणि मी वाचलं. मला वाटलं होतं कान गरम होतील. झाले नाहीत. शब्द दुसऱ्याचे होते, मला फक्त बोट पुढं न्यायचं होतं. बाभळीखाली बसून, मांडीवर भाकर आणि भेदराची, म्हणजे टमाट्याची, चटणी ठेवून, मी वकिलाच्या आवाजात वकिलासारखी बोलले आणि जजच्या आवाजात जजसारखी. पुष्पा म्हणाली, "मावशी, तुमच्यात हे कुठं लपून होतं व?"

सुट्टी अर्ध्या तासाची. कोर्टाचं दार उघडायचं आणि सुट्टी संपायची. तिसऱ्या दिवशी सुमनबाईच वैतागली. म्हणाली, मन बोंडावर राहत नाही, हात चालत नाहीत, दार कुणी उघडलं ते कळल्याशिवाय माझा तास पुढं सरकणार नाही. मग तिनेच तोड काढली. मी तासांच्या मधून पुस्तक धरून चालत वाचायचं. बाकीच्या तिघींनी वेचता वेचता आपल्या कमरेला बांधलेल्या ओटीतली एकेक मूठ माझ्या ओटीत टाकायची, म्हणजे माझा कापूस कमी भरणार नाही. आम्ही त्याला वाचायची मूठ म्हणायचो. सकाळी दव असेपर्यंत आणि दुपारनंतर मी वेचायचे, मधला तासभर वाचायचे. एका संध्याकाळी काट्यावर माझा गठ्ठा सगळ्यांत जड निघाला.

पुष्पा म्हणाली, "घ्या. आमी वेचलं तं आमचा कमी, मावशीनं वाचलं तं तिचा जास्त. उद्यापासून मी बी वाचते."

"तुह्यानं एसटीत बसल्यासारखं होते," यमुनाआजी म्हणाली. "पोटात डचमळते माह्या."

असे ते दिवस. तुरीच्या शेंगा भरत आलेल्या, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरं पिवळी पडलेली, आभाळ धुतलेल्या पातेल्यासारखं. केसांत कापसाचे तंतू अडकलेले. आणि चार बायका सकाळी भेटल्या की भाव, पोरं, सासू यांतलं काहीच नाही, पहिलं वाक्य हे की म्हाताऱ्याला मारलं कोणी.

सुमनबाईचा संशय धाकट्या मुलावर. कारण तो बापाच्या तेराव्याला नवे जोडे घालून आला असं लेखकाने लिहिलं होतं. पुष्पाचा संशय वकीलबाईवर. "जो वाचवून राह्यला तोच निंगते," ती म्हणायची, "मी सिरेलीत पाह्यलं." यमुनाआजीचा संशय जजवर होता.

"जजचा काय संबंध व आजी?" पुष्पा म्हणाली.

"तो येवढं पानी काऊन पिते? पाह्य न, दर पानावर पानी पिते. ज्याच्या मनात काई नाई त्याले येवढी तहान लागन कशाले?"

आम्ही हसलो. पण नंतर मी वाचताना जज पाणी प्यायला की तिघीही एकदम हुं करायच्या आणि मग मलाही तो जज खरा वाटेनासा झाला.

लीलाबाईची साक्ष आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. लीलाबाई कोर्टात सांगते की मी दिवेलागणीला पापड वाळू घालायला गच्चीवर गेले होते, तिथून मला सुनंदा दिसली. मी पुढच्या ओळीवर बोट नेणार तर यमुनाआजीचा हात पऱ्हाटीतच थांबला.

"थांब सिंधू. काय म्हटलं तिनं? दिवेलागणीले?"

"हो, दिवेलागणीला."

"दिवेलागणीले कोन पापड वाळू घालते व? तेव्हा तं गोळा करते. खोटी बोलून राह्यली ते. गच्चीवर गेलीच नाई."

सुमनबाईने ओटी सावरली. "बराबर हाय. लेखकाले नाई समजलं, पन खोटी हाय बाई ते."

त्यानंतरचे कितीतरी दिवस आम्ही वाट पाहिली की वकीलबाई हे विचारेल. उलटतपासणीची चाळीस पानं झाली. वकीलबाईने गच्चीची उंची विचारली, चष्म्याचा नंबर विचारला, दिव्याचा उजेड विचारला. पापडाचं विचारलंच नाही. पुष्पाने कपाळाला हात लावला. यमुनाआजी म्हणाली, "येवढी शिकली, पन घरात कधी पापड नाई केले वाटते तिनं." आणि तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तिला खरोखर त्या सुनंदाची काळजी वाटत होती. एवढ्या मोठ्या कोर्टात एकाही माणसाला पापड केव्हा वाळतात हे माहीत नसावं, या गोष्टीने ती दिवसभर कष्टी होती.

लीलाबाईला मात्र तेव्हापासून माफी नव्हती. रोज मी तिचं नाव वाचलं की शिव्या पडायच्या. सुमनबाई म्हणायची, अशा बाईचं तोंड भाजलं पाहिजे, दुसरीचा संसार बुडवला. आणि ज्या तोंडाने लीलाबाईचं नाव उच्चारलं जायचं ते माझं तोंड होतं. त्या शिव्या पुस्तकावर पडत होत्या आणि पुस्तक माझ्या हातात होतं. मी मान खाली घालून पुढची ओळ शोधायचे.

मला नवल वाटायचं. या तिघी सुनंदासाठी रडत होत्या. यमुनाआजीने तिच्या लेकरासाठी, जे पुस्तकात नुसतं एकदा येतं, दोनदा डोळे पुसले. आणि याच तिघी बेबी रस्त्यात दिसली की बोलायच्या नाहीत. गावात तिला पाणीवाली म्हणायचे. पुष्पानेच ते नाव पाडलं होतं. आमच्या गावातली कुठलीच टोळी तिला घेत नव्हती. ती सकाळी ऑटोत बसून दुसऱ्या गावाला वेचायला जायची, मजुरीतून जायचं-यायचं भाडं देऊन. मला त्यांचा राग येत नव्हता. त्यांना जे माहीत होतं त्यावरून त्या वागत होत्या. पुस्तकात सगळी पानं आपल्यासमोर येतात, म्हणून आपण न्यायाने वागतो. बेबीचं एक पान माझ्यापाशी होतं आणि मी ते कुणाला वाचून दाखवलं नव्हतं.

एके दिवशी दिवाकरभाऊ मागून आले. मी तासात उभी राहून वाचत होते, ओटी दुसऱ्यांच्या कापसाने भरलेली. मला वाटलं आता टोळीच बंद होते. पण ते तुरीपाशी थांबले, प्रकरण संपेपर्यंत ऐकलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी काट्यापाशी त्यांनी सुमनबाईला हळूच विचारलं, "त्या डॉक्टरची साक्ष झाली काय?"

आमच्या दिवसांत पुढं काय होणार हे नेहमी ठरलेलं असतं. हा तास संपला की तो तास, पहिला वेचा झाला की दुसरा. उद्याबद्दल कुणी उत्सुक असावं असं उद्यात काही नसतं. त्या पुस्तकाने आम्हाला उद्या दिला. रोज सकाळी शेताकडे जाताना पाय भराभर पडायचे. फक्त माझे पाय कधी कधी मागे राहायचे, कारण पानं कमी होत होती आणि लीलाबाई अजून संपली नव्हती.

बाजाराच्या दिवशी काम नव्हतं. पुढचं वाचायचं नाही अशी आमची आण होती, पण त्या दुपारी मी घरी बसून पुढचं वाचलं. लीलाबाई पुन्हा कोर्टात येते. तिला कुणी बोलावलेलं नसतं. ती म्हणते, मी काही पाहिलं नव्हतं. सगळे म्हणत होते सुनंदानेच केलं, म्हणून मीही म्हटलं. मी पुस्तक मिटलं आणि डब्याच्या पिशवीत परत घातलं.

दुसऱ्या दिवशी ते वाचून दाखवताना माझं बोट दोनदा घसरलं. वाचून झाल्यावर कुणी मूठ टाकली नाही, सगळ्या जागच्या जागी उभ्या होत्या.

"आता येऊन काय फायदा?" सुमनबाई म्हणाली. "ते बाई आठ महिने जेलात सडली. तेव्हा कुठं गेलती तुही जीभ?"

पुष्पा म्हणाली, "तरी आली तं सही, काकू. नसती आली तं कोनाले समजलं असतं?"

"म्हनजे तिची आरती करू काय?"

यमुनाआजीने एक बोंड वेचलं, नखी काढून टाकली. "येवढ्या मोठ्या कोर्टात, येवढ्या लोकांत, आपल्याच तोंडानं मी खोटी म्हननं सोपं नसन व. मी तं सासऱ्यापुढं पानी मांगाले घाबरत होती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पन आलीच होती तं पापडाचं बी सांगून टाकाचं होतं."

सुनंदा सुटली. मारणारा डॉक्टर निघाला. म्हाताऱ्याने मृत्युपत्रात जमीन त्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या नावे केली होती आणि तो ते मृत्युपत्र बदलणार होता. आमच्यापैकी कुणाचाच अंदाज खरा ठरला नाही आणि तिघींनाही जरा फसवल्यासारखं झालं. शेवटचं पान मी दुपारी बाभळीखाली वाचलं.

"झालं?" पुष्पाने विचारलं. "आनखी नाई काय?"

शेवटच्या पानानंतर एक कोरं पान होतं. मी ते उलटलं. का उलटलं ते मला अजून सांगता येत नाही. मी त्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आहे अजून थोडं."

मग मी वाचायच्या आवाजात बोलू लागले. म्हटलं, या खटल्यात आणखी एक साक्षीदार होती. तिला कुणी बोलावलं नाही आणि ती आपणहून गेली नाही. तिला सगळं ठाऊक होतं. ज्या बाईवर आळ आला होता तिने काही केलेलं नव्हतं. जे झालं ते या साक्षीदाराच्याच हातून झालं होतं, न कळत. पण तिला चार माणसांत बोलायची लाज वाटायची.

"हे कोन नवीन?" यमुनाआजी म्हणाली.

"मोलकरीन असन," पुष्पा म्हणाली. "दूध तिनंच तापवलं असन."

"मंग बोलली काऊन नाई ते?" सुमनबाई म्हणाली. "लाज येते म्हनून दुसरीच्या पोटावर पाय देते काय? लीलाबाई तरी आली. हे तं तिच्याहून बेकार."

मी बोट पुढं नेलं. पान पांढरं होतं, मला त्यावर सगळं दिसत होतं. म्हटलं, त्या दिवशी सावली नव्हती आणि जमिनीवर मुंग्या होत्या, म्हणून तिने पाण्याचा कॅन गठ्ठ्यावर आडवा ठेवला.

पुष्पा जवळ सरकली. तिने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. "मावशी," ती हळू म्हणाली, "इथं तं काईच लिहिलं नाई."

मी वाचायचा आवाज सोडला नाही. सोडला असता तर पुढचं आलं नसतं. म्हटलं, झाकण ढिलं होतं. गठ्ठा बेबीचा होता. संध्याकाळी घरी जाताना कॅन रिकामा होता.

सुमनबाई उठून उभी राहिली. तिच्या मांडीवरचा डबा खाली पडला. "चार मानसांत मी तिले चोर म्हटलं, सिंधू. माह्या तोंडानं. तू बाजूले उभी होती."

"हो," मी म्हटलं. तेवढं मात्र माझ्या स्वतःच्या आवाजात निघालं.

त्यानंतरचे काही दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. वाचायला पुस्तकही उरलं नव्हतं. पऱ्हाटीत नुसता बोंडं तुटण्याचा आवाज. एक दिवस यमुनाआजीने आपल्या डब्यातली अंबाडीची भाजी माझ्या झाकणात वाढली. पुष्पा एकदा म्हणाली, "पानीवाली मी म्हटलं होतं तिले," आणि दुसऱ्या तासात गेली.

मी नऊशे रुपये घेऊन बेबीकडे गेले. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, पुस्तकाशिवाय, अडखळत. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"मले वाटलंच होतं का पानी कॅनचं असन," ती म्हणाली. "पन काकू, तुमाले माईत होतं, हे मले कधी वाटलं नाई."

मी पैसे पुढं केले. तिने हात लावला नाही.

"घरात नोते कापले. काट्यावर कापले, समद्यांसमोर. तुमी घरी आनून देसान तं घरातच राह्यतीन ते. बाहेर मी पानीवालीच राहीन."

तिचं खरं होतं. पण काट्यापाशी ती येणार कशी? तिची टोळी दुसरी, ऑटोवाल्याला होळीपर्यंतचा शब्द दिलेला. ते पैसे मी वर्षभर साडीच्या घडीत ठेवले. अडचण आली तरी काढले नाहीत.

या वर्षी सीतादहीच्या आदल्या दिवशी सुमनबाई स्वतः बेबीकडे जाऊन आली. मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी शेतात पोचले तर बेबी धुऱ्यावर उभी होती, डोक्याला रुमाल बांधून. आठवडाभर ती माझ्या बाजूच्या तासात वेचत होती. पाणी हवं का, ऊन झालं, चला, एवढंच बोलली. मी पाण्याचा कॅन दर वेळी बाभळीच्या फांदीला टांगून ठेवायचे आणि ती ते पाहायची.

शनिवारी चुकारा होता. वजनं झाली, दिवाकरभाऊंनी खिशातून पाकीट काढलं. सुमनबाई म्हणाली, "भाऊ, जरासे थांबा. सिंधूले सांगाचं हाय."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझे कान गरम झाले. हातात पुस्तक नव्हतं, बोट ठेवायला पान नव्हतं. मी काट्याच्या आकड्याकडे पाहत म्हटलं, "भाऊ, त्या साली बेबीचा गठ्ठा ओला निघाला, त्याच्यावर कॅन मी ठेवला होता. झाकन ढिलं होतं. बेबीनं पानी नाई मारलं."

दिवाकरभाऊंनी बेबीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हनजे ते नऊशे माह्याजवळ हायेत. मीच देतो." त्यांनी पाकीट उघडलं.

"नाई भाऊ," बेबी म्हणाली. "तुमी तं ओला हात पाह्यला होता. मी सिंधूकाकूचेच घेईन."

मी पदराची गाठ सोडली. सकाळीच साडीच्या घडीतून काढून आणलेले पैसे सुमनबाईच्या हातात दिले, कारण कापले तिने होते. सुमनबाईने ते बेबीच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "बेबी, मी तुले चोर म्हटलं होतं. ते खोटं होतं."

बेबीने नोटा तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने मोजल्या. शंभर, दोनशे, तीनशे. आवाज मध्ये एकदा अडकला तेव्हा ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. कुणी घाई केली नाही. नऊशे पूर्ण भरले.